रात्री दोनची फेरी

पुणे, बुधवार, रात्री

चि. अनिरुद्ध यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री जिन्यात आपली जी बोलाचाली झाली तिच्यावर पुन्हा वाद घालावा म्हणून मी लिहायला बसलेलो नाही. "माझ्या मुलीजवळ जायला मला कोणाची परवानगी लागत नाही, बाबा," असे तू म्हणालास आणि तुझी आई घाबरली. मला मात्र त्यात वावगे काही वाटले नाही. समोरासमोर बोलू लागलो की तुझा आवाज चढतो, माझा घसा दाटतो आणि सांगायचे ते राहूनच जाते, म्हणून हे कागदावर. मला चिमणीच्या शुक्रवारच्या ऑपरेशनविषयी बोलायचे आहे. रात्री दोनला दूध घेऊन मोटारसायकलवर निघण्याचा विषय काढणार नाही, असे मी तुझ्या आईजवळ कबूल केले आहे.

सर्जननी काल चित्र काढून समजावले तेव्हा तुझे डोळे सारा वेळ काचेपलीकडच्या मॉनिटरवर होते, म्हणून मला समजले तसे लिहून देतो. पोटात असताना बाळाची फुप्फुसे श्वासाचे काम करीत नसतात. त्यांना वळसा घालून रक्त पुढे जावे यासाठी हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक लहानशी नळी असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत आपोआप मिटते. आपली चिमणी २७व्या आठवड्यात आली आणि तिची नळी औषधाचे दोन कोर्स देऊनही उघडीच राहिली. त्यामुळे फुप्फुसांत नको इतके रक्त जाते आणि व्हेंटिलेटर कमी करायला घेतला की ऑक्सिजन खाली येतो. डाव्या कुशीत, पाठीच्या अंगाला, दोन बरगड्यांमध्ये लहानसा छेद घेऊन त्या नळीला चिमटा लावायचा, असे हे ऑपरेशन आहे. तिला थिएटरमध्येही नेणार नाहीत; हलवाहलवीत अंग गार पडू नये म्हणून तिच्या जागेवरच सगळे मांडणार आहेत. खरी काळजी त्यानंतरची आहे, असे त्यांनी दोनदा सांगितले. नळी बंद झाली की हृदयावर एकदम निराळा भार येतो आणि पहिल्या २४ तासांत रक्तदाब उतरू शकतो. म्हणजे शुक्रवार दुपारपासून शनिवार दुपारपर्यंत डॉक्टर केव्हाही बाहेर येऊन काही विचारतील, आणि तेव्हा तिचा बाप तिथे जागा आणि सावध असला पाहिजे. सलग चार तासही न झोपलेल्या माणसाला आपण कशावर सही करतो आहोत हे कळत नाही. तू इंजिनिअर आहेस. एवढा हिशेब तुला मी सांगायला नको.

संमतीपत्रात, त्या नळीजवळून स्वरयंत्राची नस जाते आणि तिला इजा झाल्यास आवाज घोगरा राहू शकतो, हे वाक्य वाचून तू पेन खाली ठेवलेस. तिथे मी काही बोललो नाही, पण मला तेव्हा सोमवारी पाहिलेले आठवत होते. सिस्टर तिच्या टाचेतून रक्त घेत होत्या. तिने तोंड उघडले, कपाळावर आठ्या चढल्या, सगळा चेहरा लाल झाला, काडीएवढी बोटे पसरली, आणि आवाज मात्र काहीच नाही, कारण श्वासाची नळी स्वरयंत्रामधूनच खाली गेलेली आहे. तिचा आवाज आपल्यापैकी कोणी अजून ऐकलेला नाही, तिच्या आईने, मृणालनेसुद्धा नाही. घोगरा असला तर घोगरा. मला तो ऐकायचा आहे.

आता दुधाचे. टाके ओढत असताना, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा गजर लावून मृणाल पंप घेऊन बसते, आणि एकदाही कुरकुर करीत नाही. दिवस भरायच्या आत आलेल्या बाळाच्या आतड्यांना जो धोका असतो तो आईच्या दुधाने कमी होतो, हे मी आता पुरेसे वाचले आहे. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दुधाची बँक निघाली ती अशाच बाळांसाठी, आणि आपल्या ससूनमध्येही आज तशी बँक आहे. तेव्हा त्या दुधाचे मोल मला कळत नाही असे समजू नकोस. परंतु रात्री काढलेले पंधरा मिलिलिटर दूध घरच्या फ्रिजमध्ये २४ तास चांगले राहते, असे तिथल्याच सिस्टरनी तुझ्यामाझ्यासमोर सांगितले आहे. चिमणी नळीतून दर दोन तासांना दोन मिलिलिटर घेते. तिथल्या फ्रिजमध्ये 'बेबी ऑफ मृणाल' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांची रांग आहे, आणि शुक्रवारी पहाटेपासून ऑपरेशनसाठी तिचे दूध बंदच राहणार आहे. मग बर्फाची पेटी गाडीला अडकवून रात्री दोनला निघण्याची निकड कोणाची आहे? ती तुझी आहे, हे मला कळते. तिला भरवता येत नाही, उचलता येत नाही, नाव घेऊन हाक मारता येत नाही. तिच्यासाठी हाताने करता येण्यासारखे हे एकच काम तुझ्याजवळ आहे.

काढायचा नाही म्हटले तरी विषय तिथेच आला. तू चारला परततोस, सातला उठतोस आणि नऊच्या आत हिंजवडीला पोहोचतोस. ती घरी येईल तेव्हासाठी तू रजा राखून ठेवतो आहेस, हे शहाणपणाचेच आहे. पण कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेले भरलेले ट्रक नवले पुलाच्या उतारावर कसे येतात हे तू रोज पाहतोस, आणि अप्पांचे मी तुला पुन्हा सांगायला नको. झोप माणसाला विचारून येत नाही. रिक्षा कर, शिरीषला सांग, ऑफिसची बस घे. पैशांचा विचार करू नकोस. मुदतठेव मोडली ती अशाच वेळेसाठी ठेवलेली होती. गाडीवर बसण्यापूर्वी निदान तोंडावर पाणी मार, चहा घे. पाहा, मी पुन्हा शिकवायला लागलो. क्षमा कर. मुलगी काचेच्या पेटीत असलेल्या माणसाला उपदेश करू नये, इतके मलाही समजते.

ज्या गोष्टीविषयी या घरात आपण बोलत नाही, तिच्याविषयी आज लिहितो. तुझी आई झोपली आहे. तुझ्या आधीचा जो होता तो १९८९च्या जानेवारीत, सातव्या महिन्यात झाला. वजन बाराशे ग्रॅम, म्हणजे चिमणीपेक्षा बरेच जास्त. त्या हॉस्पिटलात पेटी एकच होती आणि तिच्यात त्याच्याबरोबर आणखी एक बाळ होते. एका रात्री डॉक्टरांनी हातात चिठ्ठी दिली आणि मी चेतकवरून सदाशिव पेठ, नारायण पेठ, लक्ष्मी रस्ता पालथा घातला. सगळी दुकाने बंद. शेवटी स्टेशनच्या बाजूला ते इंजेक्शन मिळाले, ते मी स्वेटरच्या आत छातीशी धरून आणले आणि ते त्याला देता आले. त्यानंतर तो दोन दिवस होता. त्या दोन दिवसांत तुझ्या आईने त्याच्या तळव्याला बोट लावले आणि त्याने ते धरले. त्या फेरीचे मोल मी आजही कमी लेखणार नाही. म्हणून, तू का निघतोस हे मला कळत नाही असे कृपा करून म्हणू नकोस.

पण त्याच्या वेळी जे नव्हते ते हिच्या वेळी आहे. मृणालचा रक्तदाब १७० वर गेला तेव्हा सिझेरियनआधी तिला बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शने मिळाली. जन्मल्यावर चिमणीच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट सोडले. श्वास सोडल्यावर फुप्फुसातले बारीक फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून द्यायचे ते औषध आमच्या वेळी नावानेही कोणी उच्चारले नव्हते. ९६० ग्रॅमची ती ८७० पर्यंत उतरली आणि पुन्हा ९९० वर आली. आपल्या पुण्यातच, केईएममध्ये, १९८७ ते १९८९ या वर्षांत जन्मलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा डॉक्टरांनी पुढे १८ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, असे वाचले. ती मुले त्याच्याच वयाची. मी ते पान बराच वेळ मिटले नाही. अशी मुले वाढतात. काहींना अभ्यासात अधिक मदत लागते, डोळे आणि कान वेळेवर तपासावे लागतात. पुढच्या आठवड्यात तिच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आहे, ती ऑपरेशनच्या गडबडीत मागे पडू देऊ नकोस.

पाचवीच्या रात्री तुझ्या आईने रिकाम्या पाळण्याशेजारी पाट मांडला आणि सटवाईसाठी कोरा कागद व पेन ठेवले. मी असल्या गोष्टींत पडत नाही, पण त्या रात्री पेन चालते की नाही हे मी स्वतः पाहून घेतले.

आणि एक गोष्ट तुला तोंडावर सांगता आली नाही. गेल्या रविवारी मुख्य सिस्टरनी तुला कांगारू केअरसाठी बोलावले तेव्हा तू आधी मागे सरलास. मग शर्टाची बटणे काढून खुर्चीत बसलास, त्यांनी ट्यूबसकट तिला उचलून तुझ्या छातीवर ठेवले आणि वरून चादर घातली. मी काचेबाहेर उभा होतो. मधेच मॉनिटर वाजला, तू जागचा हललाही नाहीस. सिस्टरनी तिच्या तळव्याला टिचकी मारली आणि तिने पुन्हा श्वास घेतला. त्यानंतर तिचा ऑक्सिजन तासभर पेटीतल्यापेक्षा चांगला राहिला. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली, आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही ती अशा बाळांसाठी सांगते. आमच्या वेळी बापाला दाराच्या आत घेत नसत. तुला तसे बसलेले पाहून मला किती अभिमान वाटला ते लिहायला मला शब्द जमत नाहीत. चिमटा लागून ती सावरली की ती छाती तिला रोज लागणार आहे. ती धड राहू दे. मी पुन्हा तेच बोलतो आहे, पण मला दुसरे काही सुचत नाही.

उद्याची व्यवस्था अशी. रात्रीचे दूध मृणालने फ्रिजमध्ये ठेवावे. पहाटेच्या पहिल्या बसने मी ते घेऊन जाईन, सिस्टर मला ओळखतात. रक्त तयार ठेवायला सांगितले आहे, त्यासाठी शिरीष दुपारी रक्तपेढीत जाणार आहे. शुक्रवारी साडेसहाला तो कार घेऊन खाली येईल. इकोचे रिपोर्ट आणि संमतीपत्राची प्रत मी निळ्या फाइलमध्ये लावली आहे. मृणालची रक्तदाबाची गोळी सकाळी आठची असते. त्या धावपळीत ती राहून जाईल, तेवढी तू लक्षात ठेव.

तुझा,
बाबा