सायकलस्वाराचीच चूक?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोटारीने सायकलस्वाराला उडवल्याच्या बातमीत एक वाक्य हमखास वाचायला मिळते : 'सायकलस्वाराने हेल्मेट घातले नव्हते.' गाडीचा वेग किती होता, ओव्हरटेक करताना चालकाने बाजूला किती जागा सोडली, याचा उल्लेख मात्र क्वचितच असतो. हेल्मेट घालावे, याबद्दल वाद नाही. पण ज्याचा पाय मोडला त्याच्या डोक्यावर काय होते, याची चौकशी कशाला? मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती तर मोटारसायकलींसाठी आहे, सायकलींसाठी नाही. जर्मनीत उभ्या मोटारीचे दार अचानक उघडल्याने पडून एका सायकलस्वार महिलेच्या डोक्याला मार लागला होता. हेल्मेट नव्हते म्हणून खालच्या न्यायालयाने तिची भरपाई २० टक्क्यांनी कापली. तिथल्या संघीय न्यायालयाने २०१४ मध्ये ही कपात रद्द केली.

अशी वाक्ये वाचून वाचून जखमी माणसालाही वाटू लागते, की आपलेच काहीतरी चुकले असणार. मग जागेवरच 'आपसात मिटवा' सुरू होते. चालक थोडे पैसे पुढे करतो, आणि अंग ठणकत असताना सायकलस्वार 'माझी काही तक्रार नाही' असे लिहून देतो. डोक्याचा मार कधी कधी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी जाणवतो. तोपर्यंत हा कागद विमा कंपनीच्या वकिलाच्या कामाचा झालेला असतो.

खरे तर 'चूक कोणाची' या प्रश्नावर सगळेच दरवाजे बंद होत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये वाहनमालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे असतात, आणि त्यासाठी चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कायद्याच्या व्याख्येत हाड किंवा दात मोडणे हीसुद्धा गंभीर दुखापतच आहे. बुडालेली कमाई, पुढचे उपचार, कायमचे अपंगत्व असा सगळा हिशेब मागायचा असेल तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. तिथे निष्काळजीपणाचा मुद्दा येतो, पण फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही; जास्त शक्यता कशाची, एवढे पाहिले जाते. सायकलस्वाराचाही दोष आढळला, समजा तो उलट्या दिशेने येत होता, तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते. दावा फेटाळलाच जातो असे नाही. हा दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो, हाही गैरसमज आहे; जखमी जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. गाडी पळून गेली आणि नंबरही मिळाला नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण तीही पुष्कळजण मागत नाहीत.

माझा आक्षेप कलम १६६ च्या गाभ्याला आहे. टनभर वजनाची मोटार आणि दहा-पंधरा किलोंची सायकल यांना 'दोन वाहने' म्हणून एकाच तागडीत घालायचे, आणि चूक सिद्ध करायची ती रुग्णालयात पडलेल्याने! नेदरलँड्समध्ये ही जबाबदारी मोटारवाल्यावर आहे. अपघात टाळणे आपल्याला शक्यच नव्हते हे त्याला दाखवता आले नाही, तर सायकलस्वाराची चूक असली तरी किमान निम्मी भरपाई द्यावी लागते, आणि १४ वर्षांखालच्या मुलांना जवळपास नेहमीच पूर्ण. फ्रान्सने १९८५ च्या कायद्याने पादचारी आणि सायकलस्वारांच्या शारीरिक इजेची भरपाई साध्या चुकीसाठी नाकारण्याची सोयच काढून टाकली. त्यामुळे मोटारवाल्यांवर आकाश कोसळले नाही. भरपाई विमा कंपनी देते, थर्ड पार्टी विमा असतो तो त्यासाठीच.

असा बदल आपल्याकडे कधी होईल ते होवो. तोवर जखमीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी गाडीचा नंबर आणि साक्षीदारांचे फोन टिपून घ्यावेत, रुग्णालयाच्या कागदांवर मोटारीची धडक असे स्पष्ट नोंदवून घ्यावे, आणि वाकलेली सायकल फोटो व पंचनामा होईपर्यंत दुरुस्तीला टाकू नये. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्या भरवशावर कोणी थांबू नये.

आपल्याला एक विनंती. अशा अपघाताच्या बातमीखाली या मुदतीची आणि कलम १६४ ची एक ओळ छापता येईल का? जागेची अडचण असेल, तर हेल्मेटचे वाक्य काढून जागा होईल.

आपला,
एक सायकलस्वार वाचक