मसाला म्हणजे नेमका कोणता?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील पाककृतींमध्ये 'एक मोठा चमचा मसाला' एवढाच उल्लेख वारंवार आढळतो. ज्या घरात मसाला म्हटले की हात आपसूक गोड्या मसाल्याच्या डब्याकडे जातो, तेथे याने काही बिघडत नाही. मात्र अशीच एक मसालेभाताची कृती वाचून सांगलीकडच्या माझ्या भाचीने घरचा कांदा-लसूण मसाला घातला आणि भात लालभडक झाला. तिच्या घरी मसाला म्हणजे तोच, त्यामुळे तिला दोष देता येत नाही.

मुळात हा शब्द एखाद्या ठरावीक पदार्थाचा नव्हेच. अरबीतील 'मस्लहत' म्हणजे हिताची, सोयीची गोष्ट. तिचे अनेकवचन 'मसालिह'. फारसी-उर्दूच्या वाटेने येताना त्याला 'एखाद्या कामाला लागणारे साहित्य' असा अर्थ आला आणि आपल्याकडे त्याचा मसाला झाला. चुना-वाळूच्या मिश्रणालाही मसाला म्हणतात आणि आपण 'मालमसाला' म्हणतो, ते याच अर्थाने. गंमत अशी की त्या शब्दाचे एकवचनही 'मसलत' होऊन मराठीत स्वतंत्रपणे नांदत आहे, आणि 'सल्ला'ही त्याच धातूपासून आलेला आहे. म्हणजे 'सल्लामसलत' करणारी मंडळी आणि मसाला कुटणारी मंडळी भाषेच्या नात्याने एकाच घरची ठरतात. पेशवाईच्या कागदपत्रांत तर मसाल्याचा स्वयंपाकाशी काही संबंधच उरत नाही. सरकारी हुकूम घेऊन एखाद्याकडे प्यादा किंवा स्वार धाडला, की त्याच्या खर्चापोटी त्या माणसाकडूनच जी रक्कम वसूल केली जाई तिला 'मसाला' म्हणत, आणि कसूर करणाऱ्याला त्याची धास्ती असे. हा अर्थ आता कागदांतच राहिला. बातमीला मीठमसाला लावणे मात्र जोरात चालू आहे.

स्वयंपाकघरातही या एका शब्दाखाली परस्परांशी न जुळणाऱ्या किती वस्तू आहेत, ते पाहावे. गोड्या मसाल्यात धने, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, नागकेशर असे जिन्नस तेलावर किंवा कोरडे, पण वेगवेगळे भाजून मग एकत्र कुटले जातात, कारण धन्यांना लागणारी आच तिळाला सोसत नाही. त्यात मिरची नावालाच. कांदा-लसूण मसाल्याचा आधारच मुळी मिरची. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटासाठी, आणि उन्हाळ्यात डंक्यावर कांडताना त्यात तळलेला कांदा, लसूण व खडेमीठही पडते, त्यामुळे तो वापरणाऱ्याला वरून घालायच्या मिठाचा हात आखडावा लागतो. शिवाय कोल्हापूर-सांगलीकडे याच मसाल्याला सर्रास 'चटणी' म्हणतात. 'रश्श्यात दोन चमचे चटणी घाल' हे ऐकून पुण्याचा माणूस खोबऱ्याची वाटी शोधू लागला तर नवल नाही. मराठवाड्यात धान्य-डाळी भाजून मसाल्याच्या जिनसांबरोबर दळलेले येसर असते. ते आमटीला चवीबरोबर दाटपणाही देते. मालवणी, आगरी-कोळी आणि खानदेशी काळा मसाला यांच्या तऱ्हा आणखी निराळ्या. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरत, म्हणून त्याचे नावच 'बॉटल मसाला' पडले. आणि कोजागरीच्या मसाला दुधात केशर, वेलची, जायफळ. तेथे तिखटाचा कणही चालत नाही.

'मसाला' हा परका शब्द असल्याने त्याऐवजी काही संस्कृत शब्द योजावा, असेही कोणी सुचवतात. ते मला पटत नाही. इतकी शतके रुळलेला, धर्म-जातीपलीकडे प्रत्येक घरात बोलला जाणारा शब्द काढून त्या जागी एखादा जडजंबाल शब्द बसवल्याने भाजीची चव सुधारणार नाही, आणि अडचणही सुटणार नाही, कारण ती अडचण अरबी मुळामुळे आलेली नाही. विशेषण गाळल्यामुळे ती आली आहे.

म्हणून विनंती एवढीच, की पाककृती छापताना मसाल्याचे पूर्ण नाव द्यावे, तो कोणत्या भागातला ते लिहावे, आणि तो हाताशी नसल्यास त्याऐवजी काय व किती घालावे, हेही कंसात नमूद करावे.

आपला,
एक वाचक, सातारा