पत्रास कारण की, सारस फोकसमध्ये आला

भाऊ,

दुकानात येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही चहा सांगता आणि लग्नाच्या अल्बमचा विषय काढता. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

गेल्या पावसाळ्यात गोंदियाकडच्या एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर आठ दिवस बसून मी सारसाची जोडी शूट केली. पॅनासॉनिकचा मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा, त्यावर तुमची जुनी निकॉनची ३०० मिमी मॅन्युअल लेन्स, मध्ये दोघांना जोडायला ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली अडॅप्टर रिंग. सेन्सर लहान, म्हणून ३०० ची लेन्स ६०० एवढं जवळ दाखवते, या आनंदात मी होतो. घरी फाइली उघडल्या तर पिसं कुठेच नाहीत, नुसती राखाडी गादी. आणि मी तुमच्याच लेन्सला नावं ठेवत तुमच्याकडे आलो!

तुम्ही लेन्सकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हर्निअर काढून रिंग मोजली. निकॉनला माउंटपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिमी लागतात, या कॅमेऱ्यात माउंटपासून सेन्सरपर्यंत १९.२५, म्हणजे रिंग २७.२५ ची हवी. माझी भरली २७.१.

"रिंग बुटकी हाये बे. अन् पक्षी दीडशे मीटरवर, त्याला अनंत समजून तू फोकस शेवटच्या खुणेपर्यंत काहून फिरवून राहिला?"

मग चार स्क्रू खोलून, थंड्याच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कात्रीनं गोल कापून तुम्ही आत बसवला. तो जेमतेम ०.१ मिमीचा. अजून एक टाका म्हणालो, तर नाही म्हणालात: किंचित बुटकी चालते, फोकस खुणेच्या जरा अलीकडे लागतो इतकंच, पण जरा उंच झाली तर दूरचं कधीच स्पष्ट होत नाही. खुणेवर भरवसा ठेवू नको, स्क्रीनवर चित्र मोठं करून डोळ्यानं फोकस लाव, हेही तेव्हाच सांगितलंत. ऑटोफोकस गेल्याचं मला दुःख नाही. तो पक्ष्याआधी धानाच्या लोंब्यांवरच भाळतो.

ट्रायपॉड कॅमेऱ्याखाली न लावता लेन्सच्या पायाखाली लावायचा, आणि दहा वाजले की गुंडाळायचं, कारण ऊन तापलं की हवाच लहरते आणि कुठलीच लेन्स कामाची राहत नाही, या दोन गोष्टींनी माझे किती दिवस वाचले ते मीच जाणतो. लेन्स टेकवायला जुन्या पॅन्टच्या पायात लाखोरीची डाळ भरून केलेली उशी तर ट्रायपॉडपेक्षा भारी निघाली.

दिवाळीआधी पुन्हा त्याच पाळीवर गेलो. नरानं चिखलातून चोच वर काढली, तेव्हा तिच्या टोकावरचा थेंब दिसला. लाल मानेवरची सुरकुतीही दिसली.

लेन्सचे पैसे तुम्ही घेत नाही, तर लग्नाच्या सीझनमधल्या दोन तारखा तरी सांगा, कॅमेरा धरायला येतो. उशी मात्र आणता येणार नाही. आईनं लाखोरी काढून घेतली, वरणाला.

तुमचा,
बोडीवरचा पोरगा