पोहणाऱ्या पोरांच्या कानात तेल ओतू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की तुमच्या पानावर तलावात, शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. त्या यायलाच हव्यात. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात घसरलेल्याला काठ धरता येत नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. पण जी पोरं रोज पोहतात आणि सुखरूप घरी येतात, त्यांच्या कानांबद्दल काही छापून आलेलं मी तरी वाचलं नाही. आमच्या घरी यंदा जे झालं, त्यावरून लिहिते आहे.

आमचं गाव साकोली तालुक्यात, मालगुजारी तलावाला लागून. सकाळची शाळा सुटली आणि उन्हाच्या झळा सुरू झाल्या की निम्मी पोरं तलावात. माझी मुलगी १० वर्षांची, म्हशींच्या आधी पाण्यात उतरते आणि त्यांच्यानंतर बाहेर येते. एप्रिलमध्ये ती सारखी कान खाजवू लागली. दोन दिवसांनी रात्री उठून बसली, "आई, कान लय दुखून राह्यला." सासूबाईंनी जवसाच्या तेलात लसणाच्या पाकळ्या तळल्या, तेल कोमट झाल्यावर कानात सोडलं आणि वर कापसाचा बोळा कोंबला. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "माया पोरांले असंच केलं, एकाचा तरी कान गेला का?" मी गप्प बसले. सकाळी दुखणं वाढलं होतं.

बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दुकानदाराने कान पाहिला नाही, आणि आधी डॉक्टरला दाखवावं हे मलाही सुचलं नाही. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. एक बाटली संपली, दुसरी आणली. तिसऱ्या आठवड्यात कानाला वास येऊ लागला, त्या बाजूने हाक मारली तर पोरगी वळेना. तेव्हा कुठे आम्ही भंडाऱ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं आणि म्हणाले, बुरशी आहे. ओल्या वर्तमानपत्राचा लगदा असावा तशी दिसते, वर काळे ठिपके. (संपादक महोदय, तुमच्या पेपरला यात काही बोल नाही, डॉक्टरांच्या पुस्तकातच ही उपमा आहे म्हणे.) आमच्या बाटलीत जिवाणूंवरचं औषध आणि स्टिरॉइड दोन्ही होतं. जिवाणू मेले, स्टिरॉइडने सूज दबली, आणि बुरशीला रान मोकळं झालं. तेलाने आतली ओल टिकवली ती वेगळीच.

मूळ दुखणं साधं होतं. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटर असते, मुलांत त्याहून आखूड. तिच्या कातडीवर मळाचा पातळ थर असतो. आपण त्याला घाण समजतो, पण तो आंबट गुणाचा असतो, पाणी कातडीत मुरू देत नाही आणि जंतूंना वाढू देत नाही. रोज तास-दोन तास पाण्यात राहिलं की तो धुऊन जातो आणि कातडी भिजून मऊ पडते. मग कान खाजतो, आणि घरात जे हाताशी असेल ते आत जातं : आगकाडी, केसांचा आकडा, कापूस गुंडाळलेली काडी. ओरखडा पडला की गढूळ पाण्यातल्या जंतूंना दारच उघडलं. म्हणजे पाण्याइतकाच दोष काडीचा. आठवडी बाजारात कान साफ करणाऱ्यापुढे लेकरू बसवणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं.

घरच्या घरी एक गोष्ट बघता येते. कानाची पाळी हलकेच ओढा, किंवा भोकाच्या पुढचा छोटा उंचवटा बोटाने दाबा. मूल कळवळलं तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत आहे. सर्दी-तापानंतर पडद्यामागे पू धरतो, ते दुखणं निराळं. त्यात पाळी ओढल्याने सहसा फरक पडत नाही. नक्की काय ते डॉक्टरच सांगतील, पण काय होतंय हे सांगायला आपल्यालाही सोपं जातं.

साध्या दुखण्याला बहुतेक वेळा कानात टाकायचे थेंबच पुरतात. पोटातून अँटिबायोटिक सहसा लागत नाही. दुखण्यावर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी भोवळ येते. मुलाला कुशीवर निजवून पाळी वर आणि मागे ओढायची, थेंब सोडायचे आणि ३ ते ५ मिनिटं तसंच पडू द्यायचं. आठवडाभर ते दहा दिवस तलाव बंद. आंग धुताना व्हॅसलीन लावलेला कापूस भोकाच्या तोंडाशी ठेवायचा आणि लगेच काढून टाकायचा. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा दाखवा. कानामागे सूज आली, ताप चढला किंवा चेहरा एका बाजूला ओघळला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांच्या दुखऱ्या कानाला तर एक दिवसही घरी काढू नका, त्यांच्यात हे दुखणं हाडापर्यंत जाऊ शकतं.

दुखणं येऊच नये म्हणून फार काही लागत नाही. पाण्यातून बाहेर आलं की मान एकेका बाजूला कलवून पाळी हलवायची, पाणी निथळू द्यायचं, बाहेरून पंचाने टिपायचं. बस. व्हिनेगर आणि स्पिरिट सारखं मिसळून टाकायचा नुस्खा मोबाइलवर फिरतो. कानाचा पडदा शाबूत असेल आणि डॉक्टरने सांगितलं असेल तरच तो करावा.

कारण आपल्याकडे कान वाहणारी, पडद्याला भोक असलेली पोरं कमी नाहीत. अशा कानात काही थेंबही बहिरेपण आणू शकतात, आणि तलावातली बुडी तर त्यांना नकोच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करतं. ती तपासणी उन्हाळ्याच्या तोंडावर व्हावी, प्रत्येक मुलाचा कान आत दिवा लावून पाहिला जावा, आणि कोणी बुडी मारू नये ते पालकांना लिहून मिळावं, एवढी माझी मागणी आहे. ती तुमच्यामार्फत जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागापर्यंत जावी.

आमची पोरगी कान साफ करून आणि बुरशीचे थेंब पुरते संपवून तीन आठवड्यांनी पुन्हा पाण्यात उतरली. आता काठावर सासूबाईच पंचा घेऊन उभ्या असतात. जवसाच्या तेलाची वाटी अजून चुलीपाशीच आहे, पण त्यांच्या गुडघ्यांसाठी.

आपली,
एक पालक, ता. साकोली, जि. भंडारा