फोटो फाइलीच्या आत नसतो

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. तुमच्या कॉलेजच्या नियतकालिकाची फाइल मी आज सकाळी चहा ठेवायच्या आधीच उघडली. खरं तर मेल बघूनच अंदाज आला होता. 96 पानांचा अंक, सव्वाशे फोटो, आणि फाइल जेमतेम 18 एमबीची! उघडल्या उघडल्या इनडिझाइनने, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरने, सांगितलं: फोटोंच्या 41 लिंक्स मिसिंग, 3 मॉडिफाइड.

"आई, फोटो उडाले," असं तू म्हणालास. उडाले नाहीत रे, तुझ्या फाइलीत ते कधी नव्हतेच. 1999 साली मी डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं मांडायच्या कामाला, लागले तेव्हा पेजमेकर सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी फॉन्टवर काम चालायचं. मजकुराचे लेझर प्रिंट बटर पेपरवर काढायचे आणि फोटोच्या जागी नुसती चौकट सोडून आत पेन्सिलीने लिहायचं, 'फोटो क्र. 7'. फोटो वेगळ्या पाकिटात, पाठीवर तोच नंबर. पुढे फोटोची फिल्म निघाली की पेस्टिंगवाले काका ती त्या चौकटीत बसवायचे. पाकीट हरवलं तर चौकट कोरी. तू प्लेस कमांडने फोटो आणतोस तेव्हा तीच पेन्सिलीची खूण उमटते. कॉम्प्युटर फोटोचा पत्ता लिहून ठेवतो आणि तुला दिसावं म्हणून वर एक हलकी प्रतिमा दाखवतो.

ही हलकी प्रतिमाच माणसाला फसवते. मूळ फोटो जागेवर नसला तरी पडद्यावर पान भरलेलं दिसतं, फार तर जरा धूसर. तू दुसरीत होतास तेव्हाची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. एका गावच्या वाचनालयाची स्मरणिका माझ्याकडे होती. संस्थापकांचा एकुलता एक फोटो त्यांच्या मुलाने, सत्तरीच्या गृहस्थांनी, वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने आणून दिला. मी तो समोरच स्कॅन केला, 600 डीपीआयला, आणि मूळ फोटो त्यांच्या हातात परत दिला. स्कॅन ठेवला डेस्कटॉपवर. आठ दिवसांनी डेस्कटॉप आवरताना तो नको त्या फायलींबरोबर गेला. रात्री दोन वाजता पीडीएफ करताना लिंक सापडत नसल्याची सूचना आली आणि मी ओके दाबलं. पान तर नीट दिसत होतं! छापून आलं तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी चौकोन चौकोन होते. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. चष्मा काढून पान जवळ धरून बघत राहिले. मी पुन्हा स्कॅन करून तो फॉर्मा, म्हणजे एकत्र छापली जाणारी ती पानं, स्वखर्चाने छापून घेतला, पण त्यांचं ते बघणं अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून आता हे नीट वाच. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबलंस की लिंक्स पॅनेल उघडतं. लाल गोलात प्रश्नचिन्ह म्हणजे फोटो त्या पत्त्यावर सापडला नाही. पिवळा त्रिकोण म्हणजे फोटो आहे, पण तू प्लेस केल्यानंतर कुणीतरी तो बदलला. तुझे ते तीन म्हणजे तुम्ही फोटोशॉपमध्ये उजळलेले ग्रुप फोटो असणार. त्यांना अपडेट लिंक केलं की काम झालं. नावापुढच्या पान क्रमांकावर क्लिक केलंस तर थेट त्या फोटोवर जाशील. पॅनेलच्या खालच्या भागात पूर्ण पत्ता दिसतो. तुझ्या 41 जणांचा पत्ता एकच आहे: एफ ड्राइव्ह. पेनड्राइव्ह लावून फोटो तिथूनच प्लेस केलेत ना? पेनड्राइव्ह निघाला, पत्ता गेला.

फोटो हाती आले की एकेक जोडत बसू नकोस. आधी अंकाच्या फोल्डरमध्ये 'फोटो' नावाचं एकच फोल्डर करून सगळे त्यात कॉपी कर. मग 41 लिंक्स निवडून पॅनेलच्या मेनूतून रीलिंक टू फोल्डर. पण इथे सांभाळ. इनडिझाइन नाव जुळवतं, चेहरा जुळवत नाही. तुमच्याकडे दोन कॅमेरे होते. दोन्हीत एकाच नंबराचा फोटो असू शकतो, एकात एनएसएसचं शिबिर आणि दुसऱ्यात गॅदरिंग. कॉपी करताना एकाने दुसऱ्याला पुसलं तर रक्तदानाच्या बातमीत लावणी येईल आणि पॅनेलमध्ये एकही लाल खूण दिसणार नाही. तेव्हा दोन कॅमेऱ्यांचे फोटो त्या फोल्डरच्या आत दोन उपफोल्डरमध्ये ठेव, त्या त्या कॅमेऱ्याच्या लिंक्स वेगळ्या निवडून जोड आणि जोडून झाल्यावर प्रत्येक पान डोळ्यांनी बघ. पुढच्या वर्षी प्लेस करण्याआधीच नावं बदलून घे: प्रसंग, मग अनुक्रमांक. नावात पान क्रमांक मात्र घालू नकोस, पानं शेवटच्या प्रूफापर्यंत हलतात.

सगळे फोटो एम्बेड, म्हणजे फाइलीच्या आतच बंद, का करत नाही, असं विचारशील. फाइल अवाढव्य होईल, आणि फोटो सुधारला की दर वेळी नव्याने आत घालावा लागेल. लिंक असली की कॉलेजचं बोधचिन्ह एका जागी बदललं तरी अपडेट केल्यावर सगळ्या पानांवर बदलतं. कॉपी-पेस्ट करून आणलेला फोटो तर पॅनेलमध्ये दिसतही नाही. पान 12 वर प्राचार्यांचा तसाच आहे, तो मूळ फाइल मागवून प्लेस कर.

त्याच पॅनेलमध्ये इफेक्टिव्ह पीपीआयही बघ, म्हणजे छापताना एका इंचात किती पिक्सेल पडतात ते. ऑफसेट छपाईला 300 धर. 1600 पिक्सेल रुंदीचा फोटो 8 इंच ताणलास की 200 उरतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले मोठे वापरू नका, लहान चौकटीत चालतील.

प्रेसला किंवा मला पाठवताना नुसती फाइल कधीच नको. फाइल मेनूतून पॅकेज कर. डॉक्युमेंट, लिंक्सचं फोल्डर आणि फॉन्ट सगळं एकत्र येतं. ते आख्खं फोल्डर झिप करून पाठव.

पण हे सगळं नंतर. आधी त्या मित्राला फोन लाव. सुट्टीला गावी गेलाय म्हणालास, पेनड्राइव्ह त्याच्याकडेच असणार. घरी कुणी त्यात सिनेमा भरायच्या आत सांग, हात लावू नको, फॉरमॅट तर मुळीच करू नको. फोटो तिथूनच गूगल ड्राइव्हवर चढवता आले तर उत्तम, कुरिअरची वाट बघायला नको. मी आज रात्री एकपर्यंत कामावर बसलेली आहे.

तुझी,
आई