विहिरीच्या दाबाची नोंद विश्लेषणाला बसण्याआधी

पनवेल

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. इतकी वर्षे ड्रिलिंगमध्ये काढल्यावर मस्कतला तुझी नेमणूक रिझर्व्हॉयरच्या (भूगर्भातल्या तेलसाठ्याच्या) कामावर झाली, हे वाचून मनापासून आनंद झाला. आणि सुरुवातीलाच तुझ्या टेबलावर बिल्ड-अप चाचणीच्या, म्हणजे वाहती तेलविहीर बंद करून तळाचा दाब कसा चढतो ते नोंदण्याच्या चाचणीच्या, गेजच्या (दाबमापकाच्या) फायली येऊन पडल्या, हे तर फारच चांगले झाले. फाइल सॉफ्टवेअरमध्ये भरायची, फिल्टर लावायचा, बिंदू कमी करायचे आणि डेरिव्हेटिव्हचा (दाब बदलण्याच्या दराचा) आलेख काढायचा, एवढ्याने तयारी पूर्ण होते का, असे तू विचारले आहेस. होत नाही, आणि का होत नाही ते सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. माझे मत स्पष्ट आहे: चाचणीचा अर्थ चुकतो तो क्वचितच गणितामुळे, बहुतेक वेळा विहिरीच्या नळीत घडलेली गोष्ट खडकाच्या नावावर जमा झालेली असते, आणि ती ओळखण्याची जागा विश्लेषणात नसून त्याआधीच्या तयारीत असते.

हॉर्नरने १९५१ मध्ये बिल्ड-अपची पद्धत मांडली, तेव्हा दाब नोंदणारे उपकरण यांत्रिक होते. अमेराडा गेजमध्ये बूर्दाँ नळी दाबाने फिरायची, घड्याळ धातूचा पातळ पत्रा सरकवायचे आणि टोकदार सुई त्यावर रेघ ओरखडायची. ती रेघ नंतर सूक्ष्मदर्शकाखाली धरून एकेक बिंदू वाचावा लागे. पूर्ण क्षमतेच्या ०.२ टक्के ही त्याची अचूकता धरली जाई, म्हणजे पाच हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड या एककातल्या) गेजमध्ये दहा पीएसआय. अशा नोंदीतून सरळ रेषेचा उतार काढता येई, पण तिचे अवकलन करणे, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणे, व्यर्थ होते. क्वार्ट्झ स्फटिकाच्या गेजने ०.०१ पीएसआय इतका सूक्ष्म बदल टिपायला सुरुवात केली आणि १९८३ मध्ये बूर्दे व त्याच्या सहकाऱ्यांनी दाबाच्या डेरिव्हेटिव्हचा आलेख रूढ केला, तेव्हा सगळे चित्र पालटले. डेरिव्हेटिव्ह बारीक बदलही मोठा करून दाखवतो. त्यात खडकाची खूण जितकी ठळक होते, तितकाच नळीतला गोंधळही ठळक होतो. तयारीचे महत्त्व वाढले ते यामुळे.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ फाइल आहे तशी बाजूला ठेव आणि तिच्या प्रतीवरच काम कर. गेज पृष्ठभागावर चालू केल्यापासून परत वर येईपर्यंतची सगळी नोंद त्या फाइलमध्ये असते, आणि अनेक जण बिल्ड-अपच्या आधीचा व नंतरचा भाग निरुपयोगी समजून कापून टाकतात. तसे करू नकोस. गेज खाली सोडताना आणि वर ओढताना ठरावीक खोलींवर थांबवलेले असेल, तर त्या थांब्यांवरून प्रत्येक फुटामागे दाब किती वाढतो ते काढता येते, आणि नळीत कोणत्या खोलीपर्यंत वायू, कोठे तेल आणि कोठे पाणी उभे आहे हे कळते. हा भाग तुला पुढे फार उपयोगी पडणार आहे. गेज दाब निरपेक्ष देतो की वातावरणाचा दाब वजा करून देतो, हेही त्याच वेळी पाहून ठेव, १४.७ पीएसआयचा हा फरक तेलाच्या विहिरीच्या बिल्ड-अपमध्ये फारसा जाणवत नाही, पण रिझर्व्हॉयरचा दाब जुन्या नोंदींशी ताडताना तो नेमका आडवा येतो.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या विहिरीत दोन मेमरी गेज (नोंद स्वतःतच साठवणारे) एकाखाली एक सोडले होते, असे तू लिहिले आहेस. दोन्हींच्या फायली आल्या असताना तू त्यातली चांगली दिसणारी एक निवडणार आहेस, हे वाचून मी थबकलो. दुसरे गेज केवळ पहिले बंद पडलेच तर म्हणून सोडलेले नसते. निवड करण्याआधी दोन्ही नोंदी एकाच वेळरेषेवर आण, खालच्या गेजच्या दाबातून वरच्याचा दाब वजा कर आणि तो फरक वेळेसमोर मांड. हा एक साधा आलेख बाकी कोणत्याही सुधारणेपेक्षा जास्त सांगून जातो.

समज, दोन गेजमध्ये उभे अंतर दहा फूट आहे आणि मध्ये तेल आहे. तेलाचा दाब दर फुटाला ०.३५ पीएसआय धरला, तर फरक साडेतीन पीएसआय यायला हवा. मध्ये खारे पाणी आले, तर तोच फरक साडेचारच्या आसपास जाईल. वायू आला, तर एकाच्याही खाली घसरेल. दोन्ही गेजच्या निरपेक्ष अचूकतेत एखाद-दोन पीएसआयचा फरक असू शकतो, म्हणून आकडा नेमका साडेतीन आला नाही तरी बिघडत नाही; पाहायचे ते हे की तो स्थिर आहे की हलतो. सावकाश, एकाच दिशेने आणि न थांबता सरकत असेल, तर एका गेजला ड्रिफ्ट आहे. एकदम उडी मारत असेल, तर गेज जागचे हलले असेल. आणि बिल्ड-अपच्या मध्येच काही काळ चढून नवीन पातळीवर स्थिरावत असेल, तर नळीतला द्रव बदलला आहे.

हा शेवटचा प्रकार मी मुंबई हायच्या एका विहिरीत अगदी जवळून पाहिला आहे. विहीर तेलाबरोबर पाणीही देत होती. बंद केल्यावर पहिल्या काही तासांतच डेरिव्हेटिव्हमध्ये एक सुरेख दरी दिसली. खडक चुनखडकाचा, अशी दरी म्हणजे दुहेरी सच्छिद्रतेची खूण, भेगांनी आधी दाब दिला आणि मग मुख्य खडकाने, असेच कोणालाही वाटावे, आणि चर्चेतही सगळ्यांचा कल तिकडेच होता. पण खालच्या आणि वरच्या गेजचे डेरिव्हेटिव्ह एकावर एक ठेवले, तेव्हा दरी दोन्हींत होती, मात्र ती एकाच वेळी संपत नव्हती. खालच्या गेजमधली दरी आधी भरली, वरच्यातली नंतर. आणि दोन गेजमधला फरक नेमका खालची दरी संपताना चढू लागला आणि वरची दरी संपताना स्थिर झाला. याचा अर्थ सरळ होता. विहीर बंद झाल्यावर पाणी तळाशी बसू लागले आणि तेल-पाण्याची सीमा परफोरेशनपासून (तेल आत यावे म्हणून विहिरीच्या भिंतीला पाडलेल्या छिद्रांपासून) वर सरकू लागली. गेज आणि परफोरेशन यांच्यातला स्तंभ जड होत गेला, त्यामुळे खडकापाशी दाब नेहमीसारखा वाढत असतानाही गेजला तो कमी वाढताना दिसला. सीमा खालच्या गेजला ओलांडून गेली, तेव्हा त्याची सुटका झाली. मग वरच्याची झाली. खडकात घडलेली गोष्ट दहा फुटांवरच्या दोन गेजना वेगवेगळ्या वेळी दिसू शकत नाही. तुझ्याकडे ओमानच्या फहूद तेलक्षेत्रातला नातिह चुनखडक भेगांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे अशी दरी दिसली की तिचे स्वागतच होईल. म्हणूनच हे इतके लांबवून सांगतो आहे.

यात एक सावधगिरी हवी. दहा फूट हे अंतर विहिरीच्या लांबीवर मोजलेले असते. आमच्याकडे समुद्रातल्या एकाच प्लॅटफॉर्मवरून अनेक विहिरी तिरक्या खणलेल्या असतात. साठ अंशांनी कललेल्या विहिरीत ते दहा फूट उभ्या मापाने पाचच भरतात आणि अपेक्षित फरकही निम्मा होतो. विचलनाचा सर्व्हे (विहीर कोठे किती कलली आहे त्याची मोजणी) हाती घेतल्याशिवाय ना हा फरक तपासता येतो, ना दाब परफोरेशनच्या किंवा डेटमच्या (तुलनेसाठी ठरवलेल्या संदर्भाच्या) खोलीला नेता येतो.

यानंतर वेळेचा प्रश्न. मेमरी गेजचे घड्याळ ज्या लॅपटॉपवरून लावले त्याच्या वेळेनुसार चालते, विहीर बंद केल्याची नोंद मात्र ऑपरेटरच्या मनगटी घड्याळावरून वहीत होते, आणि दोन्हींत मिनिटभराचे अंतर असणे काही विशेष नाही. म्हणून वहीतली वेळ फक्त जागा शोधायला वापर. प्रत्यक्ष क्षण गेजच्या नोंदीतच शोध, दर सेकंदाचे बिंदू मोठे करून. वाहता दाब सपाट चालला असताना ज्या बिंदूपासून तो निश्चितपणे वर वळतो, तो शून्य क्षण. तो खरोखरीच्या आधी धरलास, तर लॉग-लॉग आलेखावरची सुरुवातीची रेषा एकास एक या उतारापेक्षा जास्त उभी येईल. नंतरचा धरून वाहता दाब मात्र आधीचाच ठेवलास, तर ती आडवी पडेल. तासाभरानंतर याचा परिणाम दिसेनासा होतो, पण वेलबोअर स्टोरेजचा, म्हणजे बंद केल्यानंतरही विहिरीच्या नळीत शिरून साठणाऱ्या द्रवाच्या परिणामाचा, अंदाज सुरुवातीच्या त्या भागावरूनच घेतला जातो आणि मॉडेलची निवडही त्यावर बरीच अवलंबून असते. झडप एकदम मिटत नाही, हेही ध्यानात ठेव. वेलहेडवर (वर, विहिरीच्या तोंडाशी) बंद केलेल्या विहिरीत तळाचा प्रवाह त्यानंतरही काही काळ चालूच राहतो.

प्रवाहाच्या नोंदींकडे लोक फार दुर्लक्ष करतात, त्याची मला खंत वाटते. हॉर्नरच्या रेषेचा उतार म्हणजे १६२.६ गुणिले प्रवाह, फॉर्मेशन व्हॉल्यूम फॅक्टर (साठ्यातल्या आणि वर आलेल्या तेलाच्या आकारमानांचे गुणोत्तर) आणि श्यानता, भागिले पारगम्यता (खडकातून द्रव किती सहज वाहतो ते माप) व थराची जाडी यांचा गुणाकार. प्रवाहात दहा टक्के चूक झाली, की पारगम्यतेतही तेवढीच चूक आली. सेपरेटरवरचे (तेल, वायू, पाणी वेगळे करणाऱ्या टाकीवरचे) आकडे आणि गेजमधल्या दाबाच्या पायऱ्या एकाखाली एक मांड. चोक (प्रवाह आवरणारी अरुंद तोटी) बदलल्याचे वहीत लिहिले आहे पण दाब हललेला नाही, किंवा दाब हलला आहे पण वहीत काही नाही, अशा जागा हटकून सापडतील आणि त्या फील्डवरच्या माणसांना फोन करूनच सुटतील. फार जुना इतिहास एकत्र करून एकूण उत्पादन भागिले शेवटचा प्रवाह असा उत्पादनकाल धरायला हरकत नाही, पण बंद करण्याच्या अगोदरचे शेवटचे काही दिवस जसेच्या तसे ठेव. शेजारच्या विहिरी त्या काळात केव्हा बंद-चालू झाल्या, हेही मागवून घे.

आता तू विचारलेल्या फिल्टरकडे येतो. सात दिवस दर सेकंदाला नोंद केली, तर एका गेजचे सहा लाख चार हजार आठशे बिंदू होतात, आणि ते कमी करावेच लागतात. पण दर दहा मिनिटांना एक अशी समान अंतराने छाटणी केलीस, तर पहिल्या काही मिनिटांतला सर्वांत मोलाचा भाग नाहीसा होईल आणि शेवटी हजारभर बिंदू एकमेकांवर चढून बसतील. लॉग वेळेवर समान अंतर धरून प्रत्येक दशकात (वेळ दसपट होण्याच्या टप्प्यात) पन्नास ते शंभर बिंदू ठेव, आणि विहीर बंद झाल्याचा क्षण, चोकचे बदल यांच्या आसपासचे सगळे बिंदू राखून ठेव. भलतेच उडालेले एकाकी बिंदू काढायला हरकत नाही, पण काढण्याआधी दुसऱ्या गेजमध्ये त्याच वेळी काय आहे ते पाहा. तेथेही उडी असेल, तर ती खरी घटना आहे. तांदूळ निवडताना खड्याबरोबर दाणा जाणार नाही, इतपत नजर येथे हवी. डेरिव्हेटिव्ह काढताना स्मूदिंगचे (रेषा गुळगुळीत करण्याचे) माप ०.१ ते ०.३ च्या आत ठेव. त्यापुढे गेलास, की रेषा देखणी होत जाते आणि तिच्यातला खडक पुसला जातो. विशेषतः शेवटच्या टोकाला रेषा आपोआप वाकते आणि तेथे नसलेली साठ्याची सीमा दिसू लागते. मी नेहमी स्मूदिंग न केलेला डेरिव्हेटिव्ह फिकट बिंदूंत मागे ठेवतो, म्हणजे अहवाल वाचणाऱ्यालाही काय गाळले ते दिसते.

बिल्ड-अप लांबला की शेवटच्या भागात एक मंद लाट येते. आमच्याकडे ती भरती-ओहोटीची असते: एक मीटर समुद्राचे पाणी म्हणजे सुमारे १.४६ पीएसआय, आणि त्यातला काही अंश खडकातल्या द्रवापर्यंत पोहोचतो. लाटेचा काळ साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचा, त्यामुळे ती ओळखता येते आणि वजाही करता येते. ही लाट दोन्ही गेजना सारखीच दिसते, म्हणून फरकाच्या आलेखात ती सापडणार नाही. तुझ्या विहिरी वाळवंटात असल्या, तरी चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीनही हलते आणि क्वार्ट्झ गेज ती बारीक लाट टिपू शकते. उच्च पारगम्यतेच्या विहिरीत शेवटी दाब इतका सावकाश वाढतो, की तेवढीही लाट डेरिव्हेटिव्हला हेलकावे द्यायला पुरते. तो भाग गुळगुळीत करण्याऐवजी लाट मोजून काढ.

तुझ्या कंपनीच्या नियमांत बसत असेल, तर दोन्ही गेजच्या न कापलेल्या फायली, विचलनाचा सर्व्हे, सेपरेटरचे तासागणिक आकडे आणि स्लिकलाइनवाल्यांच्या (तारेवरून गेज सोडणाऱ्यांच्या) वहीच्या पानांची छायाचित्रे मला पाठव; विहिरीचे नाव खोडून पाठवलेस तरी चालेल. तोवर तू फक्त फरकाचा आलेख काढ आणि तो हलतो आहे का, व हलत असेल तर बंद केल्यापासून कितव्या तासाला, एवढेच कळव. त्याआधी मॉडेल निवडू नकोस आणि वरिष्ठांना आकडाही सांगू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे,

तुझा मित्र