रविवारच्या बैठकीत आपल्या आवडीचं एक

सभासदहो, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या खोलीत जमायचं आहे. या वेळी प्रत्येकाने आवडतं पुस्तक, अल्बम किंवा चित्रपट यांपैकी एकावरच बोलायचं. बोलायला प्रत्येकी ७ मिनिटं.

• कथानक सांगत बसू नका, शेवट तर मुळीच सांगू नका. तुम्ही कुठल्या पानावर थांबलात, कोणतं दृश्य पुन्हा लावून पाहिलंत, पहिल्यांदा वाचलंत तेव्हा वय काय होतं, हे ऐकायचंय. मागच्या खेपेला एका ताईंनी कादंबरीतलं एकच वाक्य वाचलं आणि ते वीस वर्षं का सोबत आहे ते सांगितलं. मला अजून तेच आठवतं.

• अल्बम निवडणाऱ्यांना आग्रहाची विनंती: गाणी मूळ क्रमानेच ऐकून या. १९४८ साली एलपी (लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी) आली तेव्हापासून एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत मावे. त्यामुळे पहिली बाजू कशावर संपवायची आणि तबकडी उलटल्यावर कशाने सुरुवात करायची, याचा विचार होत असे. गाणी उलटसुलट ऐकली की तो विचार हातातून निसटतो.

• पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव जरूर घ्या. आपण वाचतो ते शब्द त्यांचे असतात.

• इतरांच्या आवडीला नावं ठेवायची नाहीत. मतभेद असेल तर प्रश्न विचारा.

शुक्रवारी रात्रीपर्यंत निवड कळवा. वेळ १२ जणांपुरताच आहे. नुसतं ऐकायला येणाऱ्यांनी कळवायची गरज नाही, या.